अक्काच्या बिबड्यांना कुलूप हवं होतं

माझी थोरली बहीण, म्हणजे अक्का, भर उन्हाळ्यातल्या एका दुपारी माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये आली आणि तिनं प्लॅस्टिकचं एक पाकीट माझ्या कीबोर्डवर आपटलं. नव्वदचं दशक संपायला आलं होतं. जळगावात त्या वेळेला माणसं घराबाहेर पडत नाहीत, कुत्रीसुद्धा उभ्या रिक्षाखाली जाऊन झोपतात, आणि ही बाई असोद्याहून एसटीत उभी राहून आली होती. समोर बसलेल्या पोरांना मी नुकतंच मोठ्या थाटात सांगितलं होतं की कीबोर्ड नाजूक असतो, त्यावर बोटसुद्धा हलकं ठेवायचं. पोरं खाली मान घालून हसायला लागली.

पाकिटात बिबड्या होत्या. ज्यांच्या नशिबी त्या आल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. ज्वारी भिजवायची, आंबवायची, दळायची, लसूण-मिरची-तीळ घालून पीठ शिजवायचं आणि ओल्या कापडावर हातानं पातळ थापून खाटेवर उन्हात वाळवायचं. नंतर भाजून कांद्याबरोबर कुडुमकुडुम खायचं. आमच्याकडचा माणूस बिबडी नको म्हणाला तर त्याच्या कपाळाला हात लावून बघतात.

अक्काच्या हाताच्या बिबड्या जळगावचा एक व्यापारी कित्येक वर्षं पोत्यानं उचलत होता. तो त्या पुढं कुठं विकतो, कशा विकतो, याची चौकशी तिनं कधी केली नव्हती. त्या दिवशी बाजारात तिला हे पाकीट दिसलं. आत तिच्या बिबड्या, आणि बाहेर रंगीत फोटो एका गोऱ्यापान, चष्मेवाल्या, नाकात नथ घातलेल्या बाईचा. खाली लिहिलेलं: काकूंच्या हातची चव.

"मन्या बिबड्यास्वर ही कोन बाई हासी ऱ्हायनी?" अक्का म्हणाली. म्हणजे, माझ्या बिबड्यांवर ही कोण बाई हसतेय?

आमचं मूळ घर शिंदखेड्याचं, त्यामुळे माझ्याशी ती अहिराणीतच बोलायची; पुढं तिचं बोलणं मी सोपं करून लिहिलंय. असोद्याला सासरी गेल्यावर तिकडची बोली तिनं उचलली होती, पण राग आला की शिंदखेडा बाहेर पडायचं. मी पाकीट उलटंपालटं केलं. बाई खरंच फार प्रसन्न हसत होती. ज्वारी कधी पाण्यात भिजवली असेल असं तिच्याकडं बघून वाटत नव्हतं.

अक्काचं म्हणणं सरळ होतं. व्यापाऱ्याला बिबड्या बंद. या वर्षीचा सगळा माल ती स्वतः विकणार, स्वतःच्या नावानं विकणार, आणि तो माझ्या त्या इंटरनेटवर विकणार, कारण तिथं व्यापारी नसतो असं तिनं कुणाकडून तरी ऐकलं होतं. माल उन्हाळा संपायच्या आत गेला पाहिजे, नाहीतर डब्यात सादळून जाणार. मी म्हटलं, अक्का, इंटरनेट म्हणजे भाजीबाजार नाही. ती म्हणाली, मग तू दिवसभर तिथं काय करतोस?

वेबसाइट मी चार-पाच दिवसांत उभी केली. नेट लागायचं तेव्हा लागायचं. लागेपर्यंत मोडेम जो आवाज काढायचा त्याला आमच्या घरमालकीणबाई 'तुमचं बोकड' म्हणायच्या. पानावर बिबड्यांचे फोटो टाकले, अक्काचा एक फोटो टाकला. फोटोत ती पोलीस पाटलासारखी रोखून बघत होती. हस म्हटलं तर म्हणाली, हसणारी एक आहे की पाकिटावर. फोटोखाली मी 'अक्का' एवढंच लिहिलं. सगळा गाव तिला अक्का म्हणायचा, मी म्हणायचो, तिच्याहून मोठी माणसंही म्हणायची.

आणि काय सांगू, परदेशातली आमच्याकडची मंडळी त्या पानावर अक्षरशः तुटून पडली. ईमेलवर ईमेल. कुणाला आजी आठवली, कुणाला गच्ची आठवली, एकानं तर ऑफिसात बसून रडलो असं लिहिलं. पैसे तिकडे कार्डावरून उतरवून घ्यायची सोय परदेशातल्या आमच्या मावसभावानं त्याच्या तिथल्या दुकानातून करून दिली होती. सगळं जय्यत तयार. पण एकही ऑर्डर नाही. रडणारे भरपूर, घेणारा कुणी नाही.

शेवटी एका बाईंनी अमेरिकेतून स्पष्ट लिहिलं. त्यांना बिबड्या हव्याच आहेत, पण आमच्या पानावर कुलूप दिसत नाही, मग कार्डाचा नंबर कसा द्यायचा?

त्या काळी ब्राउझरच्या तळाशी कोपऱ्यात एक चिमुकलं कुलूप यायचं. ते बंद दिसलं म्हणजे तुम्ही लिहिलेला नंबर वाटेत कुणी वाचू शकत नाही, आणि समोरचं दुकान ज्याचं म्हणून सांगतात त्याचंच आहे. त्यासाठी एसएसएल सर्टिफिकेट लागायचं. मी असोद्याला जाऊन अक्काला हे समजावायला बसलो. मनात म्हटलं, आता संध्याकाळ जाणार. ती बिबड्या उलटत म्हणाली, "म्हणजे सोयरिकीतला मध्यस्थ. तो सांगतो घर चांगलं आहे, मग लोक मुलगी देतात."

माझ्या क्लासमध्ये दोन वर्षं शिकलेल्या पोरांना हे इतकं नीट सांगता आलं नसतं. मी हो म्हटलं. ती म्हणाली, मग घेऊन ये मध्यस्थ, त्यात काय एवढं?

त्यात एवढंच की ज्या मोठ्या कंपनीचा दाखला जगभर चालायचा तिचा भाव डॉलरमध्ये होता. मी तो रुपयांत करून बघितला आणि दोनदा बघितला. तेवढ्यात दाजींच्या अर्ध्या एकर केळीला ठिबक सिंचन झालं असतं. दाजी म्हणजे अक्काचे यजमान; साधा, गोड माणूस. त्यांनी आकडा ऐकला आणि नुसतेच पाणी प्यायले. वर तो दाखला दर वर्षी नवा घ्यायचा. माझं डोकंच फिरलं. मी त्या कंपनीला इंग्रजीत एक सणसणीत ईमेल लिहिला की सोयरीक जमवणारा मध्यस्थसुद्धा एकदाच टोपी-उपरणं घेतो, दर वर्षी दारात येत नाही. अर्थात इंग्रजीत टोपी-उपरण्याचं काय करायचं ते न सुचल्यामुळे तो पाठवला नाही.

मग स्वस्तातल्या दाखल्याचा शोध सुरू झाला. ज्याच्या घरी कॉम्प्युटर आहे अशा प्रत्येकाला मी विचारलं. एकानं धुळ्याचं नाव घेतलं. तिथं म्हणे एक जण आहे, कॅसेटी भरून देतो, टीव्ही दुरुस्त करतो, लग्नपत्रिका छापतो आणि आता इंटरनेटही करतो. अक्का म्हणाली, मीही येते, मध्यस्थ कसा आहे ते मला बघू दे. पारोळ्याच्या वाटेनं एसटीत घामाघूम होत आम्ही धुळ्याला पोचलो.

गृहस्थ फारच आदबशीर निघाले. आधी माठातलं पाणी, मग चहा, मग 'बोला ताई'. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "व्हई जाई भाऊ. माले बठ्ठं माहीत शे." सगळंच माहीत असल्यामुळे खुर्ची ओढून त्यांनी आमच्यासमोर पाच-दहा मिनिटं कीबोर्ड बडवला, एक फ्लॉपी काढली आणि अक्काच्या हातात दिली. झाला दाखला. मोबदला म्हणून त्यांनी बिबड्यांची एक पिशवी ठेवून घेतली. परतीच्या गाडीत मी इतका खुश होतो की शेजारच्या अनोळखी माणसाला केळी खाऊ घातली. अक्का मात्र फ्लॉपीकडं संशयानं बघत होती. तिचं म्हणणं, ज्यानं आपल्याला एकही प्रश्न विचारला नाही तो आपल्याबद्दल काय सांगणार?

तिचंच खरं निघालं. दाखला चढवला, कुलूप आलं, पण कुलपाच्या आधी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पडद्यावर एक मोठी चौकट उघडायला लागली. चौकटीचा मथितार्थ असा: हे दुकान प्रामाणिक असल्याचं प्रमाणपत्र आहे खरं, पण ते या दुकानानंच या दुकानाला दिलेलं आहे, पुढं जायचं तर तुमची तुम्ही बघा. परदेशातली मंडळी घाबरली. जे रडत होते त्यांनी रडणंही बंद केलं.

मी धुळ्याला फोन लावला आणि जे तोंडाला येईल ते बोललो. गृहस्थ शांतपणे ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "दाखला खरा शे, भाऊ. दुनिया वळखत नही, ती दुनियानी चूक शे." आणि बिबड्या फार छान झाल्या होत्या हेही सांगितलं. आता अशा माणसावर किती वेळ रागावणार?

उन्हाळा सरत चालला होता. अक्काच्या घरी डब्यांची उतरंड छपराला टेकली होती. व्यापाऱ्यानं निरोप धाडला की माल असेल तर गाडी पाठवतो. दाजी हळूच म्हणाले, या वर्षापुरतं देऊन टाकू. अक्का त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही.

त्याच दोन दिवसांत मला हवं ते सापडलं. एक परदेशी कंपनी, नाव कुणी न ऐकलेलं, पण तिचा दाखला ब्राउझरला चालत होता, आणि पुण्यात तिचा एजंट होता. भाव आम्हाला झेपण्यासारखा होता. स्वस्त का, तर ते माणूस पाठवून तपासणी करत नव्हते. कागदपत्रं मागवायचे आणि घरी फोन करून खात्री करून घ्यायचे. मी पुण्याला फोन केला. तिकडची मुलगी फार गोड आणि फार नेटकी बोलायची. मालकाचं नाव काय, म्हणाली. मी म्हटलं, अक्का. ती म्हणाली, नाही सर, कागदोपत्री.

इथं खरी गंमत सुरू झाली. अक्काची कागदोपत्री नावं दोन. एक आमच्या वडिलांनी ठेवलेलं, जे फक्त शाळा सोडल्याच्या दाखल्यावर होतं. दुसरं लग्नात सासरच्यांनी ठेवलेलं. ताटात तांदूळ पसरून नवऱ्या मुलानं अंगठीनं नवं नाव लिहायचं आणि बायकोनं ते जन्मभर वापरायचं, अशी आपली रीत. ते रेशनकार्डावर होतं. ही दोन्ही नावं मी इथं लिहिणार नाही, अक्कानं तसं बजावलंय. मी फारसा विचार न करता रेशनकार्डावरचं टाकलं. लाइटबिल आणि फोन मात्र तिच्या सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या नावावर. पुण्याच्या मुलीनं सुचवलं की सर, मग दुकानच आबांच्या नावानं करा, उद्याच्या उद्या होऊन जाईल. दाजींनाही ते पटलं. मलाही पटलं, खोटं कशाला बोलू.

अक्कानं हातातलं उलथणं खाली ठेवलं. म्हणाली, "मग पाकिटावरची बाई काय वाईट होती? ती निदान बाई तरी आहे."

विषय संपला. अर्ज तिच्याच नावानं गेला.

आठवड्याभरात पुण्याहून ईमेल आला: सदर नावाची व्यक्ती सदर पत्त्यावर राहत नसल्याचे तेथील कुटुंबप्रमुखांनीच दूरध्वनीवर सांगितले असल्याने अर्ज नामंजूर. मी स्कूटर काढली आणि तापलेल्या रस्त्यानं असोद्याला गेलो, वाटेत आबांना काय काय बोलायचं ते घोकत.

आबांच्या घरी फोन ओसरीवर एका स्टुलावर असायचा, वर विणलेलं झाकण. त्याच्याशेजारी खाटेवर आबा. फोन त्यांच्याशिवाय कुणी उचलायचा नाही, आणि ते अशा आवाजात बोलायचे की पुण्याला तार नसती तरी ऐकू गेलं असतं. मी विचारलं, आबा, पुण्याहून फोन आला होता का? आबा म्हणाले, "आला व्हता ना. एक पोरगी म्हने अमकी बाई राहते का तुमच्याकडं. मी म्हनलं नही राहत. म्हने नक्की का? मी म्हनलं, पोरी, घर माझं हाये, मले माहीत नही का कोन राहतं?"

मी म्हटलं, आबा, ती अमकी बाई म्हणजे तुमची सून.

आबांनी अंगणात बिबड्या उलटणाऱ्या अक्काकडं बघितलं, जणू ती आत्ताच कुठून तरी आली होती. हे हिचं नाव आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तुम्हीच ठेवलंय, लग्नात. आबा म्हणाले, असेल बाप्पा. मग दाजी मध्ये पडले. त्यांच्या मते तांदळात त्यांनी दुसरंच नाव लिहिलं होतं. आबा म्हणाले, ते दुसरं धाकट्या सुनेचं. दाजी म्हणाले, नाही, धाकटीचं तर तिच्या माहेरचंच ठेवलं होतं. नाव सुचवलं भटजीनं की आत्यानं यावरून बापलेकांत चांगलीच जुंपली. घरात आबा तिला सूनबाई म्हणायचे, दाजी 'ऐकलं का' म्हणायचे, मुलं आई म्हणायची, आणि उरलेला गाव अक्का. नावाची गरजच कुणाला पडली नव्हती.

अक्का सगळं ऐकत होती. ती एवढंच म्हणाली की भांडू नका, जे असेल ते असेल, आणि उन्हात परत गेली. इतका वेळ मला हसू येत होतं. तिची पाठ बघून मात्र फार वाईट वाटलं. मी एकाएकी आबांवर इतका ओरडलो की शेजारच्या गच्चीवर दोन बायका येऊन उभ्या राहिल्या.

पुण्याच्या मुलीला मी हातापाया पडून राजी केलं. ती म्हणाली, सर, एकदाच आणखी फोन करीन, परवा सकाळी. मग आमच्याकडं तालीम सुरू झाली. आबांनी सुनेचं नाव पाठ करायचं घेतलं. केळीच्या बागेत जाता-येता ते पुटपुटायचे. समोरून कुणी रामराम घातला तर उत्तरादाखल सुनेचं नाव निघायचं. मी चौकातल्या पीसीओवरून बारीक आवाज काढून फोन लावला, नमस्कार, मी पुण्याहून बोलतेय. आबा म्हणाले, "काय रे, घसा बसला का? ये घरी, हळद-दूध घे."

तो दिवस उजाडला. आबांनी धुतलेली टोपी घातली. मी, दाजी, आबा, तिघं ओसरीवर फोनकडं बघत बसलो. अक्का आत चुलीवरचं पीठ हाटत होती. ती म्हणाली, तुमचा तमाशा तुम्ही करा, माझं पीठ आळतंय. फोन वाजला. आबांनी उचलला आणि श्वास न घेता सगळं पाठांतर म्हणून टाकलं: ही माझी सून, तिचं नाव हे, ती याच घरात राहते, बिबड्यांचा धंदा तिचा स्वतःचा, मी कुटुंबप्रमुख. पलीकडं विहिरीवरची मोटार दुरुस्त करणारा होता. त्यानं अभिनंदन केलं आणि मोटार उद्या न्या म्हणाला.

लगेच परत वाजला. ही पुण्याची. पण आबांचं आता सगळं खर्ची पडलं होतं. मुलीनं विचारलं, आपल्याकडं कोण व्यवसाय करतं? आबांच्या कपाळावर घाम. मग जन्मभराची सवय मदतीला धावून आली. परक्या गावाहून कुणी घरातल्या बाईमाणसाची चौकशी करतंय म्हणजे ती सोयरिकीचीच असणार, अशा सुरात आबा सुटले. म्हणाले, लाखात एक आहे, हाताला चव, वडीलधाऱ्यांचा मान राखते, कधी उलटून बोलली नाही. मुलगी म्हणाली, हो आजोबा, पण नाव? आबा म्हणाले, घराणंही चांगलं आहे. दाजींनी डोळे मिटून घेतले.

अक्का आतून आली. कोपरापर्यंत पीठ. तिनं आबांच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला. त्या घरात असं याआधी कुणी केलं नव्हतं. मुलीचा आवाज बाहेर ऐकू येत होता. तिनं विचारलं, आपण कोण बोलताय? अक्कानं एकदा आमच्याकडं बघितलं. मग तिनं नाव सांगितलं. माहेरचं. आमच्या वडिलांनी ठेवलेलं, पुढं वडिलांचं नाव, पुढं आडनाव, आणि शेवटी 'आहे'च्या जागी ठसक्यात अहिराणी 'शे'.

मी कपाळावर हात मारला. पुण्याची मुलगी म्हणाली, मॅडम, अर्जावर तर वेगळं नाव आहे.

"अर्जावरचं नाव या घरात कुणालाच येत नाही," अक्का म्हणाली. "मला तरी कुठं येतं? रेशनच्या रांगेत कुणी ओरडलं की आठवतं. मी ही आहे. शाळेचा दाखला आहे माझ्याकडं."

मुलगी खरंच मनापासून म्हणाली, चालेल मॅडम, शाळेचा दाखला पाठवा, पण या नावानं तुम्हाला ओळखणारं तिथं कुणीतरी हवं. आहे का कुणी?

मी पुढं झालो. पण मुलीनं सांगितलं की माझं नाव अर्जात कॉम्प्युटरवाला म्हणून आहे, माझी साक्ष चालायची नाही. दाजी जमिनीकडं बघत होते. त्यांनी ते नाव इतक्या वर्षांत बहुधा एकदाही तोंडातून काढलं नव्हतं, आणि ते त्यांना त्या क्षणी समजलं असावं. अक्का रिसीव्हर धरून उभी. तिच्या हातावरचं पीठ वाळून पांढरं व्हायला लागलं. इतकं गोंधळलेलं मी तिला कधी बघितलं नव्हतं.

आबांनी हात पुढं केला आणि फोन मागितला.

"पोरी, मी सांगतो," ते म्हणाले, आणि आज पहिल्यांदाच हळू बोलत होते. "आम्ही शिंदखेड्याले मुलगी पाहाले गेलो व्हतो. मीच इचारलं, नाव काय तुझं. तिनं हेच सांगितलं, बापाच्या नावासगट. शे म्हनली म्हनून आमचे लोक हसले. मी नही हसलो. मले पक्कं आठवतं. हीच ती."

त्यांनी फोन ठेवला, विणलेलं झाकण नीट बसवलं. अक्का आत निघून गेली. पीठ आळलं होतं, त्या दिवशीच्या बिबड्या जाड झाल्या.

शाळेतल्या त्या नावानं कुलपाचा दाखला आला. कुलूप लागलं, चौकट गेली, आणि आधी रडलेल्या सगळ्या लोकांनी ऑर्डरी दिल्या. ऑफिसात रडणाऱ्यानं तर इतक्या मागवल्या की त्याच्या प्रकृतीची मला काळजी वाटली. डबे रिकामे झाले. व्यापाऱ्याची गाडी दारात येऊन तशीच परत गेली, तेव्हा दाजींनी ड्रायव्हरला चहा पाजला आणि अक्काकडं बघून मिशीत हसले.

कुलूप बघायचंच म्हणून आबा एक दिवस सगळ्यांना घेऊन जीपनं माझ्या क्लासवर आले. सोबत शेजारपाजारच्या बायका, मुलं, डबे. अक्का खिडकीशी माझ्या घरमालकीणबाईंना लसूण किती घालायचा ते सांगत होती. मी आबांना खुर्चीत बसवलं आणि कोपऱ्यातलं कुलूप दाबून दाखवलं. एक छोटी चौकट उघडली. त्यात इंग्रजीत दुकानाच्या मालकाचं नाव होतं. आबांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी त्या अक्षरांवर बोट ठेवून विचारलं, काय लिहिलंय? मी वाचून दाखवलं. त्यांनी ते एकदा आपल्याशीच म्हणून बघितलं. मग मान वळवून त्यांनी हाक मारली, त्याच नावानं.

अक्का बोलतच राहिली. आपल्याला कुणी बोलावतंय हे तिच्या लक्षातच आलं नाही. सोबत आलेल्या बायका इकडेतिकडे बघायला लागल्या, ही कोण म्हणून. आबांनी पुन्हा हाक मारली, जरा मोठ्यानं. अक्का बोलता बोलता थांबली. सावकाश वळली, आणि शाळेत हजेरी घेताना म्हणतात तशी, ताठ उभी राहून 'ओ' म्हणाली.